कोरकामाचा 'खाका' : 'कच्चं रेखाटन' का नको?

प्रश्न असा आहे : सोळाव्या शतकात युरोपात तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याच्या प्रती, म्हणजे मुद्राचित्रं, छापत. त्यासाठी कागदावर आधी जे चित्र काढलेलं असे, त्याला मराठीत 'कच्चं रेखाटन' म्हणावं का? संग्रहालयातल्या पाट्यांसाठी शब्द हवा आहे.

'कच्चं' नकोच. कच्चं म्हणजे पुढे पक्कं व्हायचं राहिलेलं, आणि ही चित्रं बहुतेक वेळा अगदी उलट असतात. चित्रकार पीटर ब्रूगेलचं 'मोठे मासे लहान माशांना खातात' हे १५५६ चं रेखाटन व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. किनाऱ्यावर ओढलेला प्रचंड मासा, त्याचं पोट भल्यामोठ्या सुरीने फाडणारा माणूस, पोटातून आणि तोंडातून सांडणारे मासे. सगळं काम शाईच्या रेघांचं. ते असंच असावं लागतं, कारण कोरणीला रेघ आणि ठिपका एवढंच येतं. शाई पाण्यात पातळ करून कुंचल्याने सावली दिली, तर तिच्या रेघा कशा पाडायच्या हे कोरणाऱ्याला स्वतः ठरवावं लागतं. ब्रूगेलने ते त्याच्यावर सोडलं नाही.

शब्द ठरवण्याआधी त्या कागदाचं पुढे काय होई ते पाहू. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा, थोडा तापवून त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. चित्राच्या पाठीला काळा किंवा लाल खडू चोळायचा, कागद पत्र्यावर पक्का बसवायचा आणि बोथट टोकाच्या सळईने एकेक रेघ दाबून गिरवायची. मेणावर खडूची रेघ उमटते. ती सुईने तांब्यावर हलकी ओरखडून घेतली की मेण काढून कोरणी चालवायची. खडू जास्त झाला तर रेघ जाड होते आणि दाट रेघा एकमेकींत मिसळतात. कागद मध्येच सरकला तर पुढच्या सगळ्या रेघा तितक्याच सरकतात. जोर जास्त पडला तर कागद फाटतो.

म्हणूनच अशा चित्रावर तिरपा उजेड टाकला की रेघांतून दबलेल्या चऱ्या दिसतात. दुसरी खूण हातांची. पत्र्यावर चित्र सुलट उतरलं तरी छापल्यावर डावं-उजवं बदलतं. त्यामुळे जाणता चित्रकार तलवार मुद्दाम डाव्या हातात देई, म्हणजे छापल्यावर ती उजव्यात येई. (हीच अडचण अक्षरांची. १८०५ मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली, तेव्हा कोरणाऱ्या तांबटाला सगळी देवनागरी उलटी कोरावी लागली.)

आता शब्द. माझं मत 'खाका'. फारसी 'खाक' म्हणजे धूळ, त्यावरून हा शब्द आला. रेघांवर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची, की खाली ठिपक्यांनी चित्र उतरतं. भरतकामाची नक्षी कापडावर छापताना आजही हेच करतात. फक्त कोळशाऐवजी रॉकेलात कालवलेली नीळ बोळ्याने फिरवतात. राफाएलच्या 'बालहत्याकांडा'चं ब्रिटिश म्युझियममधलं रेखाटन असंच सुईने टोचलेलं आहे. ते दुसऱ्या कागदावर उतरवून रचना पुढे नेली गेली, आणि अखेर मार्कान्तोनियो राइमोंदीने ती तांब्यावर कोरली. म्हणजे चित्र एका पृष्ठावरून दुसऱ्यावर नेणं हा अर्थ 'खाका' शब्दाच्या मुळातच आहे.

आज आपण 'योजनेचा खाका' म्हणतो, त्यामुळे नुसता शब्द ढोबळ आराखड्यासारखा वाटेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून 'कोरकामाचा खाका' असं पूर्ण लिहावं. इटालियन कारागीर भित्तिचित्राच्या पूर्ण मापाच्या खाक्याला ज्या शब्दाने ओळखत, त्याच्यापासूनच 'कार्टून' आलं. पण मराठीत कार्टून म्हणजे व्यंगचित्र, तेव्हा तो मार्ग बंद.

मात्र प्रत्येक पूर्वतयारीचं चित्र खाका नव्हे. ड्युररचं १५०४ चं 'आदम आणि ईव्ह' न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. दोन आकृती वेगवेगळ्या कागदांवर काढून जोडलेल्या, मागे नुसता तपकिरी रंग. मुद्राचित्रातली झाडी आणि प्राणी नाहीतच. इथे देह कसे उभे करायचे ते ठरतं आहे. याला 'अभ्यासचित्र' म्हणावं. लाकडी ठशांची गोष्ट आणखी वेगळी : तिथे चित्र बहुधा थेट फळीवरच काढत, आणि कोरताना ते नष्ट होई. म्हणून त्यांचे खाके फार थोडे उरले.

एक इशारा. मुद्राचित्रावरची नावं खाक्याच्या पाटीवर जशीच्या तशी उतरवू नका. नावांपुढच्या लॅटिन शब्दांत 'इन्व्हेंटर' म्हणजे रचना ज्याची तो, 'स्कल्पसिट' म्हणजे कोरलं, 'एक्स्कुडिट' म्हणजे छापून प्रसिद्ध केलं. माशांच्या मुद्राचित्रावर 'इन्व्हेंटर' म्हणून चित्रकार हिएरोनिमस बॉसचं नाव आहे, तर खाक्यावर ब्रूगेलची सही. बॉस तोवर चाळीस वर्षांपूर्वी वारला होता, पण त्याच्या नावाला बाजारात मागणी होती. पाटी अशी करता येईल :

'मोठे मासे लहान माशांना खातात. पीटर ब्रूगेल, १५५६. कोरकामाचा खाका, कागदावर शाई. यावरून पीटर व्हान डर हेडन याने पत्रा कोरला. हिएरोनिमस कॉक याने १५५७ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध केला. छापलेल्या प्रतीत डावं-उजवं उलट आहे.'