डीएनए वाचून अळी, पूर्वज आणि मातीतले जीवाणू ओळखतात ते कसं?

तुम्ही विचारलंय की डीएनए वाचणाऱ्या एकाच यंत्रातून किडे, माणसाचे पूर्वज आणि मातीतले जीवाणू या तिघांचा पत्ता कसा लागतो, आणि बीएस्सीच्या प्रकल्पाला यातलं काय घ्यावं. मी अमळनेरकडचा. घरी कपाशी आणि मका. एमएस्सीला वर्षभर अळ्यांचा डीएनए काढलाय, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

यंत्राला अळी, माणूस, माती काही कळत नाही. ते डीएनएतली ए, टी, जी, सी ही चार अक्षरं वाचतं. कुठला तुकडा वाचायचा आणि तो कशाशी ताडून बघायचा, हे आपण ठरवायचं.

मक्याच्या पोंग्यातली मोठी लष्करी अळी शेतकरीही ओळखतो: डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चार ठिपके. नुकती अंड्यातून निघालेली मात्र नजरेला फसवते. तिथे सीओआय या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात. एका जातीत तो जवळपास सारखा असतो, दुसरीत बदलतो. २०१८ मध्ये ही अमेरिकेकडची अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, तेव्हा हाही तुकडा वाचून खात्री केली होती.

पण नाव कळलं म्हणजे गुण कळला असं नाही. माझ्या वडिलांचा प्रश्न होता, "बीटी लाई तरी अळी मरस नई, काबर?" म्हणजे अळीला मारणारं विष अंगातच असलेली बीटी कपाशी लावली तरी अळी का मरत नाही? गुलाबी बोंडअळीचा सीओआय यावर गप्प बसतो. २००२ साली आलेल्या पहिल्या बीटी कपाशीतलं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटलं तरच चालतं. भारतातल्या दाद न देणाऱ्या अळ्यांमध्ये त्या प्रथिनाचं जनुकच बिघडलेलं सापडलं. खुंटीच मोडली, तर विष टांगणार कुठे? २००६ मध्ये दुसरं विष जोडलेलं बियाणं आलं. त्यालाही अळी सरावली, आणि त्यामागे वेगळंच जनुक निघालं.

पूर्वजांचं थोडक्यात. आईकडची रेघ १६,५६९ अक्षरांच्या मायटोकाँड्रियल डीएनएत, बापाकडची वाय गुणसूत्रात. पण या दोनच रेघा झाल्या. बाकीचे असंख्य पूर्वज उरलेल्या गुणसूत्रांत मिसळलेले असतात. थुंकी पाठवून पूर्वज कुठले किती याची टक्केवारी मागवणार असाल तर ध्यानात ठेवा, कंपनी तुम्हाला तिच्याकडच्या नमुन्यांशी ताडते. कुळ आणि मूळ गाव हवं असेल तर वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाची वही बरी.

मातीचं कोडं उलटं. एक ग्रॅम काळ्या मातीत कोट्यवधी जीवाणू, आणि बहुतेक प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढतच नाहीत. म्हणून सगळ्यांचा डीएनए एकत्र काढून सगळ्या जीवाणूंत असणारं, पण जातीगणिक थोडं बदलणारं १६एस जनुक वाचतात. हजेरी कळते, काम कळत नाही. मेलेल्यांचीही हजेरी लागते! शिवाय काही जीवाणूंत या जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नका.

प्रकल्पाला अळ्याच घ्या. एका अळीचा एक तुकडा वाचणं खिशाला झेपतं. मी पहिल्या खेपेला गोळा केलेल्या सगळ्या अळ्या कॉलेजच्या सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या. त्यात डीएनएचे तुकडे पडतात. पूर्ण खरीप वाया गेला. कडक अल्कोहोल वापरा, आणि बाटलीत टाकायच्या चिठ्ठीवर गाव, पीक, तारीख पेन्सिलीने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.