गोव्यात मराठी बोलणारे जनगणनेत फक्त ११ टक्केच कसे?

आकडा बरोबर आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. त्यात मातृभाषा कोंकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे जेमतेम ११ टक्के आणि हिंदी त्याच्या मागोमाग, १० टक्क्यांच्या वर.

गोम अशी की प्रगणक मातृभाषा एकच लिहून घेतो. येणाऱ्या इतर भाषांसाठी, जास्तीत जास्त दोन, वेगळा रकाना असतो आणि त्याची चर्चा कोणी करत नाही. आता फोंडा, पेडणे, डिचोली इकडचं नेहमीचं घर घ्या. आईशी कोंकणीत बोलणार, सकाळचा पेपर मराठी, देवळातलं भजन-कीर्तन मराठी, जत्रेतलं नाटकही मराठीच. आमच्या घरी हेच. प्रगणकाला वडिलांनी कोंकणी सांगितलं, आणि ते खरंच होतं! म्हणून ११ टक्के म्हणजे मराठी वाचणारे नव्हेत, तो आकडा बराच मोठा असणार. १९८७च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा असूनही सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, ती उगाच नाही.

बाकी भाषेच्या वादात एक गोष्ट हरवते. २०११मध्येच ६२ टक्के गोवेकर शहरी भागात राहत होते, देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त. अर्थात जनगणनेच्या हिशेबात आमच्याकडची कित्येक मोठी गावंही ‘शहर’ ठरतात, माडांसकट. २०२१ची गणना झालीच नाही, त्यामुळे अजून याच आकड्यांवर भांडतोय.