वंशावळीत ‘नक्की माहीत नाही’ हे लिहायचं कुठे?

प्रश्न : नमस्कार ताई, लॉकडाऊनपासून मी आमच्या घराण्याची वंशावळ ग्रॅम्प्स या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरतेय. गाव पाटण तालुक्यात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९२२ आहे, पण आत्या म्हणते की पणजी तिला नेहमी सांगायची, ‘मानमोडीत तुझे आजोबा गेले तेव्हा हा माझ्या पोटात होता’. चुलतकाका म्हणतात मानमोडी नाही, ते प्लेगनं गेले. आता मी कुठली तारीख टाकू? रकाना रिकामा ठेवला की उगाच अपुरं वाटतं. – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, रकाना अपुरा वाटतो म्हणूनच आपण चुकतो. मीही सुरुवातीला पणजोबांच्या नावापुढे अंदाजानं १ जानेवारी १९०० टाकून ठेवलं होतं, नंतर बघू म्हणून. चार वर्षांनी एका चुलतभावानं परदेशातून त्याची वंशावळ पाठवली, त्यात तीच तारीख, आणि वर म्हणतो की बघ, दोन ठिकाणी जुळतंय म्हणजे खरीच असणार. माझाच अंदाज माझ्याकडे पुरावा बनून परत आला, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ती फाइल आणखी किती जणांकडे गेली असेल कोण जाणे.

आधी १ जूनचं बघू. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून का, तर शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि पोराची तारीख घरात कुणालाच सांगता यायची नाही, मग गुरुजी पोराकडे बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून लिहून टाकायचे. म्हणजे दाखला खोटा नाही, पण तो शाळेत घातलं तेव्हा मूल केवढं दिसत होतं हे सांगतो, जन्म कधी झाला ते नाही. पोराला उशिरा शाळेत घातलं असेल तर दोन-तीन वर्षं सहज इकडची तिकडे होतात.

आता पणजीचं वाक्य. मला ते दाखल्यापेक्षा वजनदार वाटतं, कारण नवरा गेला तेव्हा आपण गरोदर होतो हे कुठली बाई विसरणार? मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आपल्याकडे १९१८च्या सप्टेंबर ते नोव्हेंबरात तिनं सगळ्यात जास्त माणसं नेली. मग आजोबांचा जन्म सप्टेंबर १९१८ ते ऑगस्ट १९१९ यातच कुठेतरी बसतो. पण काकांचं खरं निघालं तर हे सगळंच हलतं, कारण प्लेग १८९६ साली मुंबईत आला आणि पुढं कितीतरी वर्षं गावोगावी येत राहिला. हे विसरू नका, तुमची तारीख ‘साथ कुठली’ या एकाच गोष्टीवर उभी आहे.

म्हणून ग्रॅम्प्समध्ये असं करा. आजोबांना जन्माच्या दोन नोंदी द्या, एका माणसाला दोन चालतात, जी पहिली ठेवाल ती मुख्य धरली जाते. पहिलीत तारखेचा प्रकार ‘रेंज’, म्हणजे ‘या दोन तारखांच्या मधे कधीतरी’, घेऊन सप्टेंबर १९१८ आणि ऑगस्ट १९१९ टाका. दुसरीत १ जून १९२२, दाखल्यावर आहे तशीच. दोन्हींना वेगवेगळा आधार जोडा, आणि आधारात नुसतं ‘आत्या’ नको, ‘पणजीचं बोलणं, आत्यानं सांगितलं, अमुक तारखेला फोनवर’ असं पूर्ण लिहा. आधाराच्या खात्रीच्या पाच पायऱ्या असतात, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत, तिथं मी दाखल्याला ‘कमी’ आणि आत्याला ‘मध्यम’ देईन. काकांचं म्हणणं पणजोबांच्या मृत्यूच्या नोंदीत टिपून ठेवा, पटत नसलं तरी. उद्या तुमच्या नातीला मृत्यूच्या रजिस्टरची नक्कल मिळाली तर तिला कळायला हवं की घरात वाद नेमका कशावर होता.

प्रश्न : जुन्या पोथीच्या शेवटच्या पानावर ‘शके १८४० माघ’ असं जन्माचं टिपण सापडलं. सॉफ्टवेअरमध्ये शक नाहीच. १९१८ टाकू का?

उत्तर : थांबा, इथंच चूक होते. शकात ७८ मिळवायचे हे बरोबर, पण शक पाडव्याला बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत, त्यामुळे माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे लागतात. तुमचा माघ पडतो १९१९च्या फेब्रुवारीत. तारखेत ‘अबाऊट’ लावून फेब्रुवारी १९१९ लिहा, आणि तारखेच्याच खिडकीत शेरा लिहायला एक जागा असते तिथं पोथीतले शब्द जसेच्या तसे उतरवा. पानाचा फोटोही जोडा, शाई उडत चाललेली असते.

प्रश्न : पणजोबांची दोन लग्नं. थोरले आजोबा पहिलीचे की दुसरीचे कुणालाच माहीत नाही, एक मावशी तर दत्तक म्हणते आणि घरात हा विषय काढलेला चालत नाही.

उत्तर : मग कुणा एकीच्या पदरात घालू नका. मुलाचं नातं आई आणि वडील दोघांशी वेगवेगळं नोंदवता येतं, त्यात ‘दत्तक’ आहे तसं ‘अज्ञात’ही आहे, आईपुढे तेच निवडा. आईचं नाव माहीत नसेल तर नावाच्या जागी ‘अज्ञात’ टाइप करू नका, रिकामं सोडा, नाहीतर शोधताना त्याच नावाच्या दहा बायका उभ्या राहतात. मावशीचं बोलणं टिपणात लिहा आणि त्यावर खासगीची खूण करा, फाइल बाहेर देताना खासगी नोंदी वगळता येतात.

आणि मावशीकडे एकदा जाऊन या, लवकर. ‘कुठल्या साली’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होतं, थोरले आजोबा होते का, कुणाला काय म्हणून हाक मारायचे, असं विचारा. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, त्याच्या आधीचं की नंतरचं एवढं कळलं तरी ‘बिफोर’ नाहीतर ‘आफ्टर’ लावता येतं.