आमटीतलं सोडियम पेट का घेत नाही?

प्रश्न (सातारा): मुलगी आठवीत आहे. तिने मला एक व्हिडिओ दाखवला, सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो सुसाट पळतो आणि पेटतो. मग म्हणते मिठात पण सोडियमच आहे ना, मग आपली आमटी का नाही पेटत? मी सांगितलं मिठातल्या सोडियमचा एक इलेक्ट्रॉन गेलेला असतो. तर लगेच, "मग ते सोडियम राहिलंच कुठे?" इथे मी अडकले.

उत्तर: मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी आहे, पण आधी पहिला बघू.

सोडियमच्या अणूत 11 प्रोटॉन, 12 न्यूट्रॉन आणि 11 इलेक्ट्रॉन. प्रोटॉनचा चार्ज अधिक, इलेक्ट्रॉनचा तेवढाच उणे, न्यूट्रॉनला चार्जच नाही. 11 वजा 11, शून्य, अणू न्यूट्रल. ते इलेक्ट्रॉन 2, 8, 1 असे बसलेले असतात आणि शेवटचा एकटा फार सैल धरलेला असतो, पाणी लागलं की तो सुटतो, त्या भानगडीत हायड्रोजन बाहेर पडतो आणि उष्णता एवढी निघते की तो हायड्रोजनच पेट घेतो. म्हणून तर लॅबमध्ये सोडियम रॉकेलात बुडवून ठेवतात. मिठात मात्र तो सैल इलेक्ट्रॉन क्लोरीनने आधीच घेतलेला आहे. आता सोडियमकडे 11 प्रोटॉन आणि 10 इलेक्ट्रॉन, म्हणजे चार्ज अधिक 1, आणि क्लोरीनकडे 17 प्रोटॉन, 18 इलेक्ट्रॉन, चार्ज उणे 1. आमटीत मीठ विरघळतं तेव्हा हे दोघं फक्त एकमेकांपासून सुटे होतात, पाण्याला द्यायला सोडियमकडे सैल असं काही उरलेलंच नसतं.

मग हे 10 इलेक्ट्रॉनवालं सोडियम, सोडियमच का? तर 10 इलेक्ट्रॉन निऑनकडे पण असतात. मॅग्नेशियमचे दोन गेले की त्याच्याकडे 10, फ्लोरीनला एक मिळाला की त्याच्याकडेही 10. इलेक्ट्रॉनवरून ओळख ठरली असती तर हे चौघं एकच झाले असते, आणि तसं अजिबात नाहीये, निऑन कोणाशी बोलायला तयार नसलेला गॅस आणि फ्लोराइड आपल्या टूथपेस्टमध्ये. चौघांचे प्रोटॉन बघा: फ्लोरीन 9, निऑन 10, सोडियम 11, मॅग्नेशियम 12. ओळख फक्त इथे ठरते. इलेक्ट्रॉन येतात जातात, त्याने चार्ज बदलतो, वागणं बदलतं (आणि ते किती बदलतं ते व्हिडिओत दिसलंच), पण गेलेला इलेक्ट्रॉन परत दिला की जुनं सोडियम जसंच्या तसं हजर. वितळलेल्या मिठातून वीज सोडली की हेच होतं, सोडियम धातू असाच बनवतात. मुलीला घरातलंच दाखवायचं असेल तर मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडतं तेव्हाची पिवळी ज्योत दाखवा, तो पिवळा रंग सोडियमचा.

हे प्रोटॉनचं प्रकरण पक्कं केलं हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने, 1913 मध्ये. तोवर मूलद्रव्यं मुख्यतः वजनाच्या क्रमाने लावायचे आणि त्यात अर्गॉन आणि पोटॅशियमसारख्या जोड्या गडबड करायच्या, अर्गॉन जड असूनही त्याला आधी बसवावं लागायचं. मोझलीने मूलद्रव्यांमधून निघणारे एक्स-रे मोजले, ते एका पूर्णांकाप्रमाणे पायरीपायरीने बदलतात हे दाखवलं, तो आकडा म्हणजे केंद्रकाचा (अणूच्या मधोमध प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात त्या गाभ्याचा) चार्ज, म्हणजेच प्रोटॉनची संख्या, आज आपण त्याला अणुअंक म्हणतो. दोनच वर्षांनी, 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला तो मारला गेला, वय फक्त 27. मला हे दरवेळी वाचताना वाईट वाटतं, पुस्तकात त्याचं नाव यायलाच हवं.

प्रश्न (नाशिक): न्यूट्रॉनला चार्ज नाही, ओळखही तो ठरवत नाही. मग तो असतो कशाला?

उत्तर: अणू टिकवायला. केंद्रकाच्या एवढ्याशा जागेत सगळे अधिक चार्जवाले प्रोटॉन कोंबलेले, ते एकमेकांना ढकलणारच. न्यूट्रॉन धरून ठेवणाऱ्या बळात भर घालतात आणि ढकलाढकली मात्र वाढवत नाहीत. म्हणून जड अणूंना ते जास्त लागतात, शिशाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात 82 प्रोटॉनला 126 न्यूट्रॉन.

त्यांची संख्या बदलली की वजन बदलतं, मूलद्रव्य तेच राहतं, यालाच आयसोटोप म्हणतात. मिठातल्या क्लोरीनपैकी साधारण तीन चतुर्थांश अणूंत 18 न्यूट्रॉन, बाकीच्यांत 20, पुस्तकातलं ते 35.5 वस्तुमान या सरासरीतून येतं.

पण कधी कधी जोडी जमत नाही. पोटॅशियममध्ये लाखात साधारण 12 अणू पोटॅशियम-40 असतात, 19 प्रोटॉन, 21 न्यूट्रॉन, आणि ते टिकाऊ नाहीत, फक्त घाई नाही, निम्मे संपायला 125 कोटी वर्षं लागतात. बहुतेक वेळा त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, प्रोटॉन 20 झाले की तो कॅल्शियम. दहात साधारण एकदा उलटं होतं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो, उरले 18, तो अर्गॉन. तिघांचा वस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) 40च, तरी एक धातू मोडून गॅस झाला! आपल्या हवेत जो जवळजवळ 1 टक्का अर्गॉन आहे तो बहुतेक सगळा असाच, खडकातल्या पोटॅशियमपासून आलेला.

केळ्यात पोटॅशियम भरपूर म्हणून कोणी केळं बंद करू नका मात्र. आपल्या अंगात मुळातच पोटॅशियम आहे, मोठ्या माणसात सेकंदाला साधारण चार हजार असे अणू मोडतच असतात, आणि निरोगी माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकून प्रमाण जागेवर ठेवते.