‘डिस्टर्ब’ हे क्रियापद रोजच्या इंग्रजी वाक्यांत नेमकं कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न असा, की मराठी बोलताना आपण सर्रास ‘डिस्टर्ब’ म्हणतो, पण तेच इंग्रजी वाक्यात घातलं की समोरचा चमकून का बघतो. या शब्दाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय, म्हणून लिहिते.

नोकरीला लागून चार-पाच महिने झाले असतील. मावशी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना मेल टाकली: ‘आय ॲम डिस्टर्ब्ड. आय कॅनॉट वर्क टुडे.’ साहेब इंग्लंडात. मला म्हणायचं होतं, मन थाऱ्यावर नाही. वीस मिनिटांत त्यांचा फोन. आवाज अगदी हळू, तापातल्या पोराशी बोलावं तसा. घरी एकटी आहेस का, जवळ कुणी आहे का, डॉक्टरांशी बोललीस का. मावशीचं सांगितलं तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

इंग्रजीत माणसाला नुसतं ‘डिस्टर्ब्ड’ म्हटलं, की मानसिक आजाराचा वास येतो. ‘अ डिस्टर्ब्ड चाइल्ड’ म्हणजे हिरमुसलेलं पोर नव्हे. ज्याला उपचारांची गरज आहे असं मूल. कशाने डिस्टर्ब्ड ते पुढे सांगितलं, की हा वास जातो: ‘आय वॉज डिस्टर्ब्ड बाय द न्यूज.’ इथे ‘बाय’च हवा. आपण ‘-मुळे’ची सवय म्हणून ‘ड्यू टू’ लावतो, ते कानाला खटकतं. तसंही त्या सकाळी ‘आय ॲम व्हेरी अपसेट, माय आंट पास्ड अवे यस्टर्डे’ एवढं पुरलं असतं.

मला हा शब्द कळला तो रांजणावरून. आजोळी पाण्याचा रांजण होता आणि आजी ओरडायची, ‘तांब्या खोल घालू नको, गाळ वर येईल.’ डिस्टर्ब म्हणजे हेच, निवलेलं ढवळणं. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘टुर्बा’ आहे, म्हणजे गर्दी, गोंधळ. गढूळ पाण्याला इंग्रजीत ‘टर्बिड’ म्हणतात, तो याच घरातला, ‘ट्रबल’सुद्धा. म्हणून वाक्य करण्याआधी मी स्वतःला विचारते, इथे शांत असं काय होतं? झोप होती: ‘डोन्ट डिस्टर्ब हिम, ही इज स्लीपिंग.’ टेबलावर लावून ठेवलेले कागद होते: ‘प्लीज डोन्ट डिस्टर्ब दीज पेपर्स.’ मनातला विश्वास होता: ‘व्हॉट डिस्टर्ब्ड मी वॉज हिज सायलेन्स.’ हॉटेलच्या दाराला अडकवायची पाटी आणि नको ते कॉल थांबवायला 1909 वर नोंदवतात ती ‘डीएनडी’, दोन्हींत हाच ‘डू नॉट डिस्टर्ब’.

आता ढवळण्यावरून ‘ढवळाढवळ’ आठवेल, पण तिथे फसू नका. ‘माझ्या संसारात ढवळाढवळ करू नकोस’ याला ‘डोन्ट इंटरफिअर’ म्हणायचं. ‘डोन्ट डिस्टर्ब माय लाइफ’ हे आपल्याकडच्या रिक्षांच्या मागे शोभेल.

दुसरी मोठी चूक ‘डिस्टर्बिंग’ची. शेजारी स्पीकर लागलाय, तुमचा अभ्यास होत नाही, तुम्ही म्हणता, ‘धिस म्युझिक इज डिस्टर्बिंग.’ ऐकणाऱ्याला वाटतं, गाण्यात काहीतरी भीषण, अंगावर काटा आणणारं आहे. रक्तबंबाळ दृश्यांच्या आधी बातम्यांत जी सूचना येते, त्यातला हा शब्द. शेवटी एक ‘मी’ जोडा: ‘द म्युझिक इज डिस्टर्बिंग मी.’ म्हणजे फक्त तुमची एकाग्रता मोडली. एका अक्षराने केवढा फरक पडतो बघा.

पण खरं सांगू का, रोजच्या बोलण्यात दहातल्या सात ठिकाणी (हा माझा अंदाज, मोजलेलं नाही) ‘डिस्टर्ब’ नकोच असतो, ‘बॉदर’ हवा असतो. पंखा लावू का विचारायचंय: ‘विल द फॅन बॉदर यू?’ मैत्रीण गप्पगप्प आहे, काहीतरी सलतंय: ‘इज समथिंग बॉदरिंग यू?’ फोनवर ‘डिस्टर्ब तर नाही ना केलं?’ याला ‘इज धिस अ बॅड टाइम?’ जास्त सहज वाटतं. दार उघडून आत डोकावताना मात्र ‘सॉरी टू डिस्टर्ब यू’ बिनधास्त म्हणा, थोडं अदबशीर, चालतं.

बाकीची भावंडं थोडक्यात. जिवाला घोर लागला, तर ‘वरी’: ‘हर कफ वरीज मी.’ बसलेली घडी विस्कटली, तर ‘अनसेटल’: ‘द न्यू स्कूल हॅज अनसेटल्ड हर.’ ‘पर्टर्ब’, म्हणजे विचलित करणं, पुस्तकी आहे, भाजी घेताना कुणी म्हणत नाही. त्याचं उलटं, ‘अनपर्टर्ब्ड’, मात्र ऐकू येतं: दोन विकेट पडल्या तरी फलंदाज ढिम्म, अशा वेळी. खगोलशास्त्रात पर्टर्बची खरी ऐट आहे. युरेनसची चाल गणितात बसेना, म्हणजे कुणीतरी त्याला पर्टर्ब करतंय, असा तर्क झाला आणि 1846 मध्ये नेपच्यून सापडला.

एक गोष्ट या सगळ्यांना लागू आहे. मराठीत अस्वस्थता आपल्याकडे येते: मला कसंतरी वाटलं, मला करमेना. करणारा कुणी नाही. इंग्रजीत या क्रियापदांना कर्ता लागतो आणि तो बहुतेक वेळा वस्तू किंवा घटना असतो. आपण ‘आय’पासून सुरुवात करतो आणि मग ‘आय ॲम डिस्टर्ब्ड’वर येऊन अडकतो. सुरुवात कारणापासून करून पाहा. ‘त्याच्या बोलण्याने मी अस्वस्थ झाले’ हे ‘हिज वर्ड्स डिस्टर्ब्ड मी’ असं आपोआप बसतं.

हुरहुरीला मात्र यातलं एकही क्रियापद लागू पडत नाही. लेक पहिल्यांदा हॉस्टेलला गेली त्या संध्याकाळी माझं कामात लक्ष नव्हतं. साहेब तेच, एव्हाना निवृत्तीला आलेले. त्यांनी मेसेज करून विचारलं, सगळं ठीक ना. या वेळी मी लिहिलं, ‘द हाउस इज टू क्वाएट.’ त्यांचं उत्तर आलं, ‘लॉग ऑफ. कॉल हर.’