लॅरी क्रेमर हे मोठे नाटककार होते की केवळ आंदोलक? त्यांचे नाटक आमच्यासारख्या हौशी संस्थेला मराठीत करता येईल का?

ते दोन्ही होते, आणि त्यांतले एक वजा केले तर दुसरेही उरत नाही. त्यांच्या नाटकावरचा 'हे नाटक नव्हे, हे भाषण आहे' हा शेरा मी सावंतवाडीत, माझ्याच नाट्यसंस्थेच्या बैठकीत ऐकला आहे. त्याचे उत्तर मला तेव्हा पुरते देऊ दिले गेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

एड्सच्या साथीविरुद्ध लढलेल्या या अमेरिकी लेखकाची तारीखवार माहिती तुम्हाला कोठेही मिळेल. नाटकाशी संबंध आहे तेवढीच सांगतो. 1981 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात समलिंगी पुरुषांमध्ये आढळलेल्या दुर्मीळ कर्करोगाची लहानशी बातमी आली; ती एड्सची चाहूल होती. पुढच्याच महिन्यात क्रेमर यांनी सुमारे ऐंशी जणांना आपल्या घरी बोलावून एका डॉक्टरांचे म्हणणे ऐकवले. त्यातून 1982 च्या जानेवारीत 'गे मेन्स हेल्थ क्रायसिस' ही रुग्णांना मदत करणारी संस्था उभी राहिली. 1983 च्या मार्चमध्ये त्यांनी जो लेख लिहिला त्याचे शीर्षकच रुग्णांच्या आकड्याने, 1,112 ने, सुरू होत होते. त्याच वर्षी सहकाऱ्यांशी इतके बिनसले की स्वतः उभारलेल्या संस्थेतून त्यांना बाहेर पडावे लागले. 'द नॉर्मल हार्ट' हे नाटक त्या अपमानातून आले आणि 1985 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये रंगमंचावर उभे राहिले. त्या प्रयोगात नेपथ्याच्या पांढऱ्या भिंतींवर रुग्णांचे आकडे रंगवलेले होते आणि ते वाढतील तसे बदलले जात. ज्याला हे केवळ भाषण वाटते त्याने आधी सांगावे की कोणत्या भाषणात वक्ता स्वतःला इतका असह्य दाखवतो. नाटकातला नेड वीक्स हा क्रेमर यांचाच अवतार आहे. तो आरडाओरडा करतो, मित्रांना दुखावतो, आणि त्याला काढून टाकणाऱ्यांची बाजूही लेखकाने इतकी नीट मांडली आहे की वाचताना आपण क्षणभर त्यांच्याकडे झुकतो. प्रचारकाला हे परवडत नाही.

आता बैठकीकडे येतो. 2011 साली हे नाटक प्रथमच ब्रॉडवेवर आले आणि त्याला पुनरुज्जीवित नाटकाचे टोनी पारितोषिक मिळाले. त्या वेळी माझ्या हाती संहिता आली. पावसाळ्यात आमच्याकडे राज्य नाट्य स्पर्धेसाठी संहिता निवडण्याचे काम चालते. मी नेड आणि त्याचा वकील भाऊ बेन यांच्यातला एक प्रवेश मराठीत उतरवून वाचायला नेला. बेन नव्या आलिशान घराच्या बांधकामात गुंतलेला आहे, भावावर त्याचे प्रेमही आहे, पण भाऊ आपल्या बरोबरीचा आणि निरोगी माणूस आहे एवढे त्याच्या तोंडून निघत नाही. आणि ते निघेपर्यंत आपण बोलणार नाही असे सांगून नेड उठतो. घरावरून, वाटणीवरून, गणपतीला कोणी किती दिवस यायचे यावरून अबोला धरलेले भाऊ आमच्याकडे वाडीवाडीत आहेत. वाचन संपल्यावर कोणी लगेच बोलले नाही, आणि आमच्या ज्येष्ठ दिग्दर्शकांनी चष्मा काढून पुसला. प्रवेश उत्तम आहे, असे त्यांनीच प्रथम म्हटले.

मग त्यांनी सूचना केली. भाऊ ठेवावेत, अबोला ठेवावा, रोग मात्र काढावा आणि नायकाला खाणविरोधी कार्यकर्ता करावे. त्या वर्षांत सिंधुदुर्गात खाणींचा विषय तापलेला होता, परीक्षकांना तो भिडेल, शिवाय घरच्या बायामाणसांना घेऊन लोक नाटकाला येऊ शकतील, असा त्यांचा हिशेब होता. मी म्हटले की खाणीला विरोध करणाऱ्या भावाला कोणीही आजारी समजत नाही, कोणी त्याच्यासाठी मुलगी पाहायचे थांबवत नाही, आणि त्याच्या माणसाच्या मरणाला आजाराचे खोटे नाव दिले जात नाही; तेव्हा अबोल्याचे कारणच काढून घेतल्यावर अबोला कशाचा ठेवायचा? त्यावर ते एवढेच म्हणाले, "ह्यां हय चलाचां नाय." मी दशावताराचा दाखला दिला. ज्या गावांत पुरुष लुगडे नेसून रात्रभर द्रौपदी आणि तारामती उभी करतो आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या दुःखाने पदर डोळ्यांना लावतात, त्या गावांना हे पाहवणार नाही हे कोणी ठरवले? ती परंपरा आहे, असे उत्तर आले, आणि चहा आला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी स्वतः समलिंगी आहे आणि त्या खोलीतल्या निदान निम्म्या लोकांना ते ठाऊक होते. कोणी कधी वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात आणि मीही वर्षानुवर्षे त्याच सभ्यपणाच्या सावलीत नाटके केली. क्रेमर आयुष्यभर ज्याच्याशी भांडले तो उघड द्वेष करणारा माणूस नव्हता. तो चहा विचारणारा, काळजी करणारा आणि विषय बदलणारा माणूस होता. म्हणूनच त्या दुपारी दिग्दर्शकांचा मला जेवढा राग आला, तेवढा एखाद्या शिवीचा आला नसता.

राहिला नाटक आणि प्रचार हा वाद. मराठी माणसाने तो घालू नये. देवलांचे 'शारदा' जरठ-कुमारी विवाहावर तुटून पडण्यासाठीच लिहिलेले होते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कर्झन दिसतो म्हणून इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, आणि आपण ते आजही अभिमानाने सांगतो. कोकणचेच मामा वरेरकर हुंड्याविरुद्ध 'हाच मुलाचा बाप' लिहून गेले. विषय आपल्याला पचला की ते समाजप्रबोधन, नाही पचला की भाषणबाजी, असा हा न्याय आहे. हे मी बैठकीत म्हणालो असतो, पण तोवर खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

आंदोलक म्हणून क्रेमर यांचे मोजमाप करणे त्या मानाने सोपे आहे. 1987 च्या मार्चमध्ये त्यांच्या एका भाषणानंतर 'ॲक्ट अप' ही एड्सग्रस्तांसाठी लढणारी संघटना जन्मली. त्याच महिन्यात एझेडटी हे एड्सवरचे पहिले औषध मंजूर झाले, त्याची किंमत वर्षाला सुमारे 10,000 डॉलर होती, आणि काही दिवसांतच संघटनेने वॉल स्ट्रीटवर रस्ता अडवला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दारात निदर्शने झाली. नव्या औषधांच्या चाचण्यांत रुग्णांना स्थान मिळाले ते या दडपणामुळे. सरकारी संसर्गरोग संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. अँथनी फाउची यांना क्रेमर यांनी जाहीर पत्रात खुनी ठरवले होते, आणि तेच फाउची पुढे त्यांचे मित्र झाले. अमेरिकी वैद्यकाचे क्रेमर-पूर्व आणि क्रेमर-उत्तर असे दोन कालखंड आहेत, असा निर्वाळा फाउची यांनीच दिला. हे सगळे तिकडचे, असेही समजू नये. आमच्या हद्दीला लागून असलेल्या गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला एवढ्याच कारणावरून, पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवले होते. सावंतवाडीहून म्हापसा किती लांब आहे ते तुम्ही जाणताच.

काही गोष्टी क्रेमर यांच्या विरुद्धही नोंदवाव्या लागतील. 1978 मधल्या त्यांच्या कादंबरीने समलिंगी समाजातल्याच अनेकांना दुखावले, आणि शरीरसुखाबद्दलचा त्यांचा सूर पुष्कळदा शिक्षकी आहे. दशावताराचा माझा दाखलाही फार ताणू नये. स्त्री-पार्ट करणारे बहुतेक जण संसारी गृहस्थ असतात आणि ती त्यांची कला आहे, कबुली नव्हे. आमच्या दिग्दर्शकांनी पुढे खाणीवरचे नाटक केले, ते चांगले झाले, आणि त्यात भाऊ नव्हते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: करता येईल. वाचायला सुरुवात 'द नॉर्मल हार्ट'पासूनच करा. 'द डेस्टिनी ऑफ मी' हे 1992 चे नाटक त्याच नेडचे पुढचे आयुष्य आहे, ते नंतर घ्या. भाषांतराच्या प्रयोगासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही. परवानगीला वेळ लागणार असेल तर चेतन दातार यांचे 'एक माधवबाग' आधी वाचा. आई आणि तिचा समलिंगी मुलगा एवढाच त्याचा विषय आहे आणि ते मूळचेच मराठी आहे. स्त्री कलाकार मिळत नाहीत ही कोकणातल्या प्रत्येक हौशी संस्थेची नित्याची तक्रार असते. 'द नॉर्मल हार्ट'मध्ये स्त्री पात्र एकच आहे, चाकाच्या खुर्चीतल्या डॉक्टर एमा ब्रुकनर यांचे, तेव्हा तुमच्या बैठकीत ती सबब तरी कोणाला सांगता येणार नाही.