सर्टिफिकेट मेडिकलला 'लावायला' द्यावं का?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी डी. फार्म.च्या, म्हणजे फार्मसीच्या दोन वर्षांच्या पदविकेच्या, शेवटच्या वर्षाला आहे. तालुक्याच्या गावचे एक मेडिकलवाले आत्तापासूनच घरी येऊन गेले. तिचं फार्मसिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन झालं की सर्टिफिकेट दुकानाला लावायचं, दर महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच मिळेल आणि मुलीनं दुकानात यायची गरज नाही, असं ते म्हणाले. त्या पैशात तिचं बी. फार्म., म्हणजे पदवी, होईल, असा तुमचा हिशेब आहे. नात्यातल्या दोघातिघांनी असंच दिलंय आणि कुणाला काही झालं नाही, हेही तुम्ही लिहिलंय. शिवाय डी. फार्म.ची बोर्डाची परीक्षा पास झाल्यावर रजिस्ट्रेशनसाठी पुन्हा ही वेगळी एक्झिट परीक्षा कशाला, असा तुमचा रास्त प्रश्न आहे.

सर्टिफिकेटचं आधी सांगते. देऊ नका. रक्कम वाढवून दिली तरी देऊ नका.

मेडिकलवाल्यांना ते का हवंय, हे समजून घ्या. किरकोळ औषधविक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासन देतं आणि त्या परवान्यासाठी नोंदणीकृत फार्मसिस्टचं नाव लागतं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनंच द्यायचं. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियम आणखी पुढे जातो. चिठ्ठीवरची औषधं फार्मसिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली गेली पाहिजेत आणि नोंदीवर त्याची सही पाहिजे, असं तो म्हणतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या नावावर परवाना चालणार आणि काउंटरला दुसराच कुणी उभा राहणार. महिन्याला जी रक्कम येईल ती या खोट्या हजेरीची असेल.

आता ती बी. फार्म.ला गेली असं धरू. सकाळी अकराला कॉलेजच्या हजेरीपटावर तिचं नाव आहे. त्याच वेळी दीडशे किलोमीटरवरच्या दुकानात बिलावर तिची सही आहे. औषध निरीक्षक तपासणीला आले तर हे दोन कागद एकमेकांना खोटं ठरवतील. आणि त्या सह्या तरी कोण करणार? एक तर कोऱ्या बिलबुकांवर आधीच करून द्याव्या लागतील, नाहीतर तिच्या नावानं दुसरा कुणी करेल. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच वन' यादीतल्या औषधांसाठी दुकानात वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, सवय लागणाऱ्या गोळ्या आणि ट्रॅमाडॉल याच यादीत आहेत. अशा गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या गेल्या आणि प्रकरण पुढे गेलं, तर पहिली विचारणा परवान्यावरच्या फार्मसिस्टकडे होते. 'मी तिथे नव्हतेच' हा बचाव होत नाही, ती गुन्ह्याची कबुली होते. व्यवसायाला न शोभणारं वर्तन सिद्ध झालं तर फार्मसिस्टची नोंदणी करणारं राज्याचं फार्मसी कौन्सिल रजिस्टरमधून नाव काढू शकतं, तशी तरतूद कायद्याच्या ३६ व्या कलमात आहे. वयाच्या विसाव्या वर्षी नाव निघालं, तर दोन वर्षांच्या शिक्षणाचा उपयोग काय राहील?

नातेवाइकांना काही झालं नाही, कारण अजून कुणी विचारलेलं नाही. त्यावर मुलीचं भवितव्य सोडू नका.

पण मला फक्त कायद्याची भीती घालायची नाही. काउंटरला शिकलेलं माणूस नसलं की काय होतं, हे बघा. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्त तयार होण्याचं काम बंद पडतं आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो. जाणकार फार्मसिस्ट ही गोळी देताना वार ठरवून देतो, पाकिटावर लिहून देतो, सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेलाही बजावतो. निमेसुलाइड हे ताप-दुखीवरचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे. तरी ताप आलेल्या पोरासाठी घरातलीच गोळी अर्धी करून द्यायला निघालेले आईबाप काउंटरवर भेटतात. त्यांना थांबवायला तिथे कुणीतरी हवं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या बॅचची विक्री थांबवा, असा इशारा आपल्या राज्यातही निघाला होता. असा इशारा आला की कपाटातल्या बाटल्यांवरचे बॅच नंबर तपासून त्या बाजूला काढायचं काम दुकानातच होतं. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मसिस्ट परगावी असेल, तर ते कोण करणार? तुमच्या मुलीला हेच काम येतं. ते तिला करू द्या.

परीक्षेबद्दल तुमची चीड मला समजते. तरी मी त्या परीक्षेच्या बाजूची आहे. डी. फार्म.ची कॉलेजं भराभर वाढली, तेव्हा फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०२०-२१ पासून नवीन कॉलेजांना पाच वर्षं मनाई केली. नुसता ठराव करून अशी मनाई करता येत नाही, असं सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आणि ती उठली. त्याच वर्षी एक्झिट परीक्षेचे नियम राजपत्रात आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ही परीक्षा पहिल्यांदा झाली. तीन पेपर, पर्यायी उत्तरांचे प्रश्न, प्रत्येक पेपरात निदान ५० टक्के, आणि तिन्ही पेपर एकाच वेळी सुटले पाहिजेत. काही कॉलेजांत प्रयोगशाळा नावालाच असते, ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंगही कागदावरच उरकतं. अशा ठिकाणची मुलं आणि मनापासून शिकलेली मुलं बोर्डाच्या मार्कशीटवर सारखीच दिसतात. या परीक्षेमुळे तो फरक निदान थोडा तरी समोर येतो. तुमची मुलगी रोज एसटीनं जाऊन प्रॅक्टिकल करते, असं तुम्ही लिहिलंय. तिला या परीक्षेची भीती वाटायचं कारण नाही. पेपर इंग्रजीत असतो, ही मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण आहे. म्हणून औषधांचे गट आणि कायद्याच्या विषयातल्या व्याख्या तिनं आत्तापासूनच इंग्रजीतून पाठ कराव्यात. तिसऱ्या पेपरात औषधविषयक कायदे आणि दुकानाचं व्यवस्थापन हेच विषय असतात. मी वर लिहिलेली कलमं तिला तिथेही उपयोगी पडतील.

आता फीचं, कारण सगळं तिथेच अडलंय. डी. फार्म.नंतर बी. फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे एक वर्ष वाचतं. महाराष्ट्र शासनानं २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली तर ही सवलत मिळत नाही. तुमच्या पत्रावरून तुम्ही यात बसता असं दिसतं. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र राहतो, त्यासाठी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. मेडिकलवाल्यांच्या रकमेवर अवलंबून राहायची गरज मला दिसत नाही.

तिला लगेच शिकायचं नसेल, तर रजिस्ट्रेशन झाल्यावर चांगल्या मेडिकलमध्ये किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत दोन वर्षं खरोखर काम करू द्या. जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकाऱ्यांची पदं निघतात, तीही बघत राहावं. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर मात्र पदवी लागते, तेव्हा ते मनात असेल तर बी. फार्म. लांबवू नका. तुमचा रस्त्याकडेचा रिकामा गाळा दहा चौरस मीटरचा असेल, तर किरकोळ औषध दुकानासाठी जागेची किमान अट त्यात बसते. स्वतःच्या नावाचं दुकान, स्वतः काउंटरला. घाई मात्र नको. मालात पैसा अडकतो, उधारी थकते, मुदत संपायला आलेली औषधं वेळेत परत पाठवावी लागतात. हे सगळं आधी दुसऱ्याच्या दुकानात शिकलेलं बरं.

ते मेडिकलवाले पुन्हा आले, तर भांडू नका. एवढंच म्हणा, 'मुलगी पूर्ण वेळ येईल. नियुक्तीपत्र द्या, पगार बँकेत जमा करा, कामाचे तास लिहून द्या.' त्यांना खरंच फार्मसिस्ट हवा असेल, तर ते विचार करतील. ती कुठेही कामाला लागली तरी कोऱ्या कागदावर किंवा बिलबुकावर सही करू नये. आणि नोकरी सोडेल त्या दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी. नाहीतर ती दुकान सोडून गेल्यावरही परवान्यावर तिचंच नाव राहतं. दुकानाच्या भिंतीवर लावलेलं मूळ सर्टिफिकेटही त्याच दिवशी उतरवून घरी आणावं.